चारचौघींत सांगितलेलं दुखणं

दवाखान्याच्या भिंतीवर टांगलेलं ते चित्र चिरलेल्या फणसाचं आहे, अशी आमच्या वाडीतल्या बायकांची पक्की समजूत होती. खरं तर तो माणसाच्या छातीचा उभा छेद होता. दोन्ही बाजूंना फुप्फुसं, मधे श्वासनळी, आणि एका फुप्फुसावर काळसर डाग. डॉक्टरांनी ते मुद्दाम दाराशी, बाहेरून दिसेल असं लावलं होतं. जाता-येता लोकांनी बघावं, विचारावं आणि त्या निमित्ताने आत यावं, असा त्यांचा हेतू. बायका बघायच्या खऱ्या, पण "फणस नासलो वाटता" असं एकमेकींना म्हणून डोक्यावरच्या टोपल्या सावरत पुढे किनाऱ्याकडे निघून जायच्या.

दवाखाना म्हणजे पूर्वी सुकी मासळी साठवायची एक लांबट खोली. चुन्याचे कितीही हात दिले तरी दमट दिवसांत तिथे औषधांच्या वासाखालून सुक्या बांगड्याचा वास वर यायचाच. डॉक्टर तरुण होते, घाटावरचे, आणि मालवणहून आठवड्यातून एखाददुसऱ्या दिवशी होडीने खाडी ओलांडून यायचे. बाकी सगळे दिवस दवाखाना सांभाळायच्या त्या मार्था नर्सबाई. शिरोड्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबातल्या, उंच, सावळ्या, पांढऱ्या लुगड्याचा पदर कमरेला खोचून झपझप चालणाऱ्या. लोकांना बोलवायचं म्हणून डॉक्टरांनी एकदा पत्र्याचा कर्णा आणला आणि रापणीचं मोठं जाळं ओढायच्या वेळी किनाऱ्यावर उभं राहून "बंधू आणि भगिनींनो" अशी सुरुवात केली. रापण ओढणाऱ्या माणसांनी दोर न सोडता माना वळवल्या. निवडणूक जवळ आली असावी असं त्यांना वाटलं. "मत खंय देवचां ता आमी ठरवतलंव!" असं एक जण ओरडला आणि सगळे हसले. डॉक्टरही हसले. चांगला माणूस होता तो. आज त्यांचा चेहरा नीट आठवत नाही, पण त्या उन्हात कर्णा खाली करून स्वतःच्याच फजितीवर हसणारा तो माणूस मला अजून दिसतो.

आमचं घर विहिरीच्या वाटेवर होतं. बाबा मुंबईला गोदीत कामाला, चतुर्थीला यायचे आणि विसर्जन झालं की जायचे. घरात आई, माझी थोरली बहीण शालन आणि मी. आईला सगळी वाडी वयनी म्हणायची. सकाळी जाग यायची ती रहाटाच्या करकरीने. मग चुलीवर उकड्या तांदळाची पेज रटरटायला लागायची आणि निखाऱ्यावर टाकलेल्या सुक्या बांगड्याचा वास माजघरात पसरायचा. दुपारी वायनात, म्हणजे जमिनीत पुरलेल्या उखळात, भात कांडायचा दणका. आई आणि शालन समोरासमोर उभ्या राहून मुसळं अशी आळीपाळीने टाकायच्या की त्या तालावर मी कविता पाठ करायचे. आई बोलघेवडी होती. विहिरीवर आलेली बाई आमच्या पडवीत टेकल्याशिवाय पुढे जायची नाही. कोणाच्या घरी कोण रुसलंय, कोणाच्या म्हशीला काय झालंय, हे आईला जागेवर बसून कळायचं.

एका पावसाळ्यानंतर तो ताल बिघडला. चार दणके दिले की आई मुसळ भिंतीला टेकवून खोकायला लागायची. संध्याकाळी अंग तापायचं. चोळीचे दंड सैल झाले. "पावसाचो खोकलो, जायत," असं ती म्हणायची आणि आम्हीही तेच म्हणायचो. मार्थाबाई आमच्या विहिरीवर पाण्याला यायच्या. एकदा कळशी भरून झाली तरी त्या गेल्या नाहीत. पडवीच्या पायरीवर बसून राहिल्या आणि आतून येणारा खोकला ऐकत राहिल्या. मग सरळ आत आल्या.

"हो खोकलो कितल्या दिसांचो गो?" त्यांनी विचारलं.

आई म्हणाली, "झाले आसतीत महिनो-दोन महिने."

"रगात?"

आईने शालनकडे आणि माझ्याकडे बघितलं आणि आम्हाला अंगणात जायला सांगितलं. पण मी दाराआडून बघितलं. मार्थाबाई आईचा हात हातात धरून बसल्या होत्या आणि आई, जी सगळ्या वाडीची दुःखं ऐकून घ्यायची, ती तोंडाला पदर लावून रडत होती.

थुंकी तपासायला गेली, मग होडीने आणि पुढे गाडीने जाऊन छातीचा फोटो काढून झाला. क्षय होता. त्या काळी हा शब्द घरातही मोठ्याने उच्चारत नसत. क्षय म्हणजे त्या घरची सोयरीक तुटली, त्या घरचं पाणी तुटलं, आणि माणूस तर गेलेलंच धरायचं. पण डॉक्टर म्हणाले, आता याला औषध आहे, रोज टोचून घ्यायचं, गोळ्या घ्यायच्या, मधेच सोडायचं नाही. मार्थाबाई रोज पिशवी घेऊन यायच्या. आमच्या चुलीवर पाणी उकळून सुई त्यात टाकायच्या, आणि त्या भांड्यात सुई खुळखुळायला लागली की मला शाळेची वेळ झाल्याचं कळायचं. कोणी विचारलं तर वयनीला अशक्तपणा आहे, ताकदीची इंजेक्शनं चालू आहेत, असं सांगायचं ठरलं होतं. आई पडवीच्या टोकाला वेगळी निजायची. तिचं ताट-वाटी वेगळं, उकळत्या पाण्यातून काढलेलं. मार्थाबाईंच्या पिशवीत औषधांखाली त्यांच्या स्वतःच्या कोंबड्यांची अंडी असायची. "डाक्टरान सांगलां आसा," असं म्हणून त्या ती शालनच्या हातात ठेवायच्या. पुढे मी स्वतः नर्स झाले, मोठमोठ्या इस्पितळांत राहिले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की अंडी पोचवायला त्यांना कोणत्याही डॉक्टरने सांगितलेलं नसणार.

आई बरी झाली. एका झटक्यात नव्हे. आधी ताप गेला, मग भूक आली, मग एक दिवस शाळेतून येताना मला वाटेवरूनच वायनाचा दुहेरी दणका ऐकू आला आणि मी धावत सुटले. बऱ्या झालेल्या माणसाला आपलं शरीर परत मिळाल्याचा एक उत्साह असतो. आईने तो सगळा दवाखान्याच्या पायी खर्च केला. मार्थाबाईंच्या बरोबर ती वाडीवाडीत फिरायला लागली. कर्णा नाही, चित्र नाही. घरात शिरायचं, पाटावर बसायचं, दिलेला गूळ तोंडात टाकायचा, आधी पाऊसपाण्याचं बोलायचं आणि मग म्हणायचं, "ह्या झिलाच्या डोक्यात फोड कसले गो? घेवन ये तेका उद्या. मार्था मलम लायता, आठवड्यात बरां जाता." असं करत खरूज झालेली मुलं आली, डोळे आलेल्या म्हाताऱ्या आल्या, तापाची माणसं आली. दवाखान्याच्या बाकावर बायका आपापसांत बोलताना ऐकू यायला लागल्या. डॉक्टर आईला म्हणाले, "वहिनी, माझा कर्णा तुम्हीच घेऊन टाका."

पण एक गोष्ट आई कुठल्याच घरात बोलायची नाही. खोकल्याचं. शालनचं लग्न जामसंड्याच्या एका घरात ठरलं होतं. मुलगा चांगला, घर मोठं, सुपारी फुटलेली. पुढचं तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त धरायचा होता. बाबा मुंबईला जाताना बजावून गेले होते, "शालनचा लगीन जायसर आजाराचां नाव काडूचां नाय." आईने मान डोलावली होती. मार्थाबाईंनीही कधी तिला भरीला घातलं नाही.

शेजारी गंगाकाकी राहायच्या. आईपेक्षा बऱ्याच मोठ्या, तिला लक्ष्मी अशी नावानेच हाक मारणाऱ्या, करड्या स्वभावाच्या, पण कामाला वाघ. त्यांची सून सुलू शालनच्या वयाची. नवरा बोटीवर खलाशी, घरी फारसा नसायचा. ती लग्न होऊन आली तेव्हा तिच्या हसण्याने आमचं परसूसुद्धा भरून जायचं. त्या उन्हाळ्यात ते हसणं थांबलं आणि कुंपणापलीकडून खोकला ऐकू यायला लागला. आधी देवाला गाऱ्हाणं घालून झालं, मग कोणाकडून तरी अंगारा आला, आणि मग सुलूचं अंथरूण घरातून उचलून परसातल्या मांगरात गेलं, जिथे गवत आणि शेणी ठेवायच्या. तिचं तान्हं पोर सासूच्या कडेवर. आई आणि मार्थाबाई दोनदा त्यांच्या घरी जाऊन आल्या. दुसऱ्या वेळी गंगाकाकींनी पायरीवरूनच परतवलं.

"आमच्याकडे तसलो आजार नाय! सुनेक दिष्ट लागली आसा. तुजो दवाखानो तुका लखलाभ!"

त्या दिवशी आई जेवली नाही. चुलीपाशी बसून राहिली. पलीकडे सुलू खोकत होती आणि प्रत्येक खोकल्याला आईच्या चेहऱ्यावर काहीतरी हलत होतं. तो खोकला कुठून सुरू होतो, कुठे अडकतो, हे त्या घरात तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? शालन ताटं उचलत होती. उचलता उचलता, आईकडे न बघता म्हणाली, "आये, सांग तू."

"काय सांगू?"

"तुका काय झाल्लां ता. सांगलंस तर काकी ऐकतली. दुसरां कोणाचां ऐकूची नाय."

"आणि तुजां लगीन?"

शालन थांबली.  "मेलेली सुलू कुंपणापलीकडे ठेवन मी हळद लावन घेवचंय काय?" एवढंच म्हणाली आणि ताटं घासायला बाहेर गेली. शालन अठराही पुरी नसेल तेव्हा. आज ती पणजी झाली आहे. हे मी तिला आठवून दिलं की म्हणते, "माका काय आठवना नाय गो." मला आठवतं. माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतकं धाडसाचं बोलणं फार थोड्या वेळा ऐकलं आहे.

रातांब्यांचे दिवस होते. दरवर्षी वाडीतल्या बायका एकेका घरच्या खळ्यात जमून रातांबे फोडायच्या, साली रसात बुडवून कोकमाची सोलं उन्हात टाकायच्या. त्या दिवशी गंगाकाकींचं खळं होतं. माडाच्या झापांची सावली केलेली, मधे लालजर्द फळांचा ढीग, सभोवती बायका विळ्या घेऊन बसलेल्या, आणि सगळ्यांचे हात मनगटापर्यंत लाल. आंबट-गोड वासाला माश्या जमलेल्या. मी आणि शालन आईच्या शेजारी होतो. बोलणी चालली होती, थट्टा चालली होती, आणि मधूनच मांगराकडून तो खोकला आला की सगळ्या क्षणभर गप्प व्हायच्या आणि मग कोणीतरी उगाच मोठ्याने बोलायला लागायची.

असाच एकदा खोकला आला आणि बायका गप्प झाल्या. कोणी बोलायच्या आत आई बोलली.

"काकी, तुमच्या सुनेक काय झालां ता माका म्हायती आसा."

गंगाकाकींनी मान वर केली. "गप रव, लक्ष्मी."

"गप रवलंय इतके दिवस. आता नाय." आईचा आवाज मोठा नव्हता. हातातला रातांबा तिने खाली ठेवला. "माका ताच झाल्लां. क्षय. अशक्तपणा न्हय, क्षय. खोकल्यातसून रगात पडला. मी म्हटलंय, संपलां, माजी चेडवां उगडी पडली. मार्थान रोज येवन सुई टोचली, डाक्टरान गोळये दिले, आणि आज मी तुमच्या म्होरे बसान रातांबे फोडतंय. बगा माका. कशी दिसतंय?"

 आईच्या उजवीकडे बसलेल्या बाईने आपली विळी हळूच थोडी पलीकडे सरकवली. ते आईने बघितलं.

"ज्येका माज्या हातचां नको, तेनी खाव नको. पन घरात कोण खोकता तेका दवाखान्यात धाडा. ता भित्तीवरचां चित्र फणसाचां न्हय गो बायांनो. ता माजां आसा."

गंगाकाकी शेजारी निजवलेलं नातवंड कडेवर घेऊन उठून उभ्या राहिल्या.  "माज्या खळ्यात येवन माज्या सुनेक क्षय लायतंस? तुज्या चेडवाचां लगीन मोडूचां आसा तर मोड. माज्या झिलाच्या घराक कित्या—"

त्यांचं बोलणं अर्धंच राहिलं, कारण मांगराच्या दारात सुलू उभी होती. मी तिला किती दिवसांत बघितलं नव्हतं. गालांची हाडं वर आलेली, डोळे मोठे झालेले, केस विंचरलेले नाहीत. भिंतीचा आधार सोडून ती उन्हातून चालत आली. सोलं वाळत घातलेल्या चटयांच्या मधून, पाय कशावर पडणार नाही अशी जपून. सासूच्या पुढून गेली आणि आईसमोर येऊन उभी राहिली.

"वयनी," ती म्हणाली, "माका घेवन चला."

आई उठली. लाल झालेले हात तिने पदराला पुसले आणि सुलूच्या खांद्याभोवती हात टाकला. आता गंगाकाकी आडव्या येणार असं मला वाटलं. कडेवरचं पोर सुलूकडे जायला हात पुढे करून रडायला लागलं होतं. काकींनी त्याला छातीशी धरलं.  आणि मग त्या म्हणाल्या, "ऊन आसा. डोक्यार पदर घे."

एवढंच. पण सुलूने पदर घेतला, आणि आई, शालन, मी आणि ती, आम्ही चौघी त्या वाटेने दवाखान्याकडे गेलो. मागे खळ्यात कोणीही विळी हातात घेतल्याचा आवाज येत नव्हता.

याची किंमत आम्हाला मोजावी लागलीच. काही घरांनी आमच्याकडे पाणी पिणं बंद केलं. पावसाच्या आधी जामसंड्याहून मुलाचे वडील आले. सभ्य माणूस, आवाज चढवला नाही. मुलाचं एवढ्यात करायचं नाही असं ठरतंय, असं म्हणाले. शालनने त्यांच्यापुढे सरबताचा पेला ठेवला होता. त्यांनी तो उचलला नाही. ते गेल्यावर आई खांबाला टेकून बसली. शालनने पेला उचलला, सरबत स्वतः पिऊन टाकलं आणि म्हणाली, "गोड झाल्लां." मग दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. पुढे वर्षा-दीड वर्षाने एक शाळामास्तर स्वतःहून विचारायला आले. त्यांची बहीण याच आजारात, लपवता लपवता गेली होती. ज्या घरात बोलून दाखवतात त्या घरातली मुलगी हवी, असं त्यांनी आईला सरळ सांगितलं. शालनचा संसार त्यांच्याशी झाला, आणि तो कसा झाला हे विचारायचं असेल तर तिच्या पतवंडांना विचारा.

पण त्या पावसाळ्यात हे काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच की आमच्या घराचं मागचं दार वाजायला लागलं होतं. ज्या बाईने विळी सरकवली होती तीच पहिली आली, पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन, भिजत. "वयनी, आमच्या म्हाताऱ्याक खोकलो आसा, आयकतंस?" मग दुसरी आली. मग पुरुषही यायला लागले, आणि हळूहळू मागचं दार सोडून पुढच्या दाराने. आई प्रत्येकाला घेऊन दवाखान्यात जायची आणि सुईला घाबरणाऱ्याला दंडावरची खूण दाखवायची. डॉक्टरांनी बाकावर आईची एक जागाच करून ठेवली. सुलूच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिला मांगरातून घरात आणून ओटीवर अंथरूण घातलं ते गंगाकाकींनीच, आणि तिची अंडी मार्थाबाईंकडून आणायला त्या स्वतः जायला लागल्या. आईशी मात्र बोलायच्या नाहीत. पण एकदा आमच्या पायरीवर फणसाचे गरे भरलेलं सूप कोणीतरी ठेवून गेलं होतं, आणि ते सूप कोणाचं हे वाडीत कोणालाही ओळखता आलं असतं.

चतुर्थी जवळ आली तशी आई गप्प व्हायला लागली. सोयरीक मोडल्याचं बाबांना मुंबईत गावच्याच माणसांकडून कळलं होतं, आणि त्यांच्याकडून काहीही निरोप आला नव्हता. बाबा रागीट नव्हते. पण त्यांनी एकच गोष्ट बजावली होती आणि नेमकी तीच आईने मोडली होती. घर सारवून होत आलं होतं, गणपतीवर फळापानांची माटी बांधून झाली होती, आणि त्या सकाळी आम्ही तिघी काम करता करता वाटेकडे बघत होतो.

बाबा आले ते एकटे नव्हते. त्यांच्या मागे एक म्हातारा होता, आणि म्हाताऱ्यामागे पदराने तोंड झाकलेली एक तरुण बाई. तिचं बोचकं बाबांच्या खांद्यावर होतं. म्हाताऱ्याने खळ्यात येऊन हात जोडले.

"आमी बांद्याकडची. ही माजी सून. वयनीचां घर ह्याच काय?"

आई काही बोलायच्या आत बाबांनी बोचकं पडवीत ठेवलं. "ह्याच घर," ते म्हणाले. "आणि मी तेंचो घो."

म्हातारा चपापला. नंतर कळलं, एस.टी.तून उतरल्यापासून त्याने बाबांनाच वाट विचारली होती, आणि ती सगळी वाट ही वयनी कोण, तिने चारचौघींत कसं सांगितलं, लग्न मोडलं तरी मागे कशी हटली नाही, हे त्यांना रंगवून ऐकवलं होतं. बाबांनी त्याला एका शब्दाने आपण कोण ते सांगितलं नव्हतं. चालत राहिले होते, आणि ऐकत राहिले होते.

आई तशीच उभी होती, हाताला शेण लागलेलं. बाबांनी तिच्याकडे बघितलं. "बोलूचां म्हनान मुंबयसून खूप काय काय घेवन इल्लंय गो," ते म्हणाले. "वाटेर सगळां इसारलंय."

आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती बाबांशी बोललीच नाही. ती त्या बाईशी बोलली. "चलान दमलंस मगे? बस हय. वायच पेज घे, मगे जावया दवाखान्यात." ती बाई पायरीवर बसली. तिला उबळ आली होती. परक्या घरात, सणाच्या तोंडावर, ती पदराचा बोळा तोंडात कोंबून ती दाबायला बघत होती, आणि तिचे खांदे नुसते हलत होते.

बाबांनी अजून वहाणाही काढल्या नव्हत्या. ते तिच्यापासून थोड्या अंतरावर, पडवीच्या कडेला टेकले.

"खोक गो बाय," ते म्हणाले. "ह्या घरात कोण काय म्हननत नाय."